साडीतली मारिया आणि माझा एक मंगळवार

“आर्टला गेलीस म्हणजे मजाच, दिवसभर रेघोट्या!” मंडळाच्या मागच्या बैठकीत एकीनं मला सुनावलं. म्हणून ऑक्टोबरातला एक साधा मंगळवार जसाच्या तसा मांडते. त्यात थोडा अभ्यासही आहे, कंटाळू नका.

सकाळी मिस्सेनंतर मी थेट बाजारात जाते. प्रार्थनेसाठी नव्हे, पदरांसाठी. मासळी विकायला बसलेल्या बायकांच्या गुडघ्यांवर साडीच्या चुण्या कशा पडतात ते पेन्सिलीनं पकडायचं. एका रेखाटनाला दोन मिनिटं. तेवढ्यात ती बाई उठते तरी किंवा मला ओरडते तरी.

या चुण्या मला हव्या होत्या त्या मारियेसाठी. रोझरीच्या महिन्यात घरच्या आल्तारासाठी एक चित्र करायचं ठरवलं होतं. कच्चं चित्र आधी चॅपेलमधल्या काही मंडळींना दाखवलं. “साडी? ही आपली सायबीण नव्हे,” एक बाई म्हणाल्या. रागानं नाही, दुखावल्यासारखं म्हणाल्या, आणि तेच मला जास्त लागलं. वर्गात सरांनी दुसरीकडून धरलं: “अंगावर साडी आणि तरी निळा रंग! निळाच का?” उत्तर नव्हतं. मग वाचलं. युरोपात उंची निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून करत. तो फार महाग, म्हणून सर्वांत मानाच्या व्यक्तीच्या झग्याला. म्हणजे ‘परंपरा’ म्हणून मी जे उचललं होतं, त्यात बाजारभावाचाही हात होता.

दुपारी परवानगी काढून पर्वरीला गेले. तिथल्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आंजेलो द फोन्सेकाच्या चित्रांचा संग्रह आहे. १९०२ साली सांत इस्तेव्हला जन्मलेला हा आपलाच माणूस. मुंबईचं जे. जे. सोडून तो शांतिनिकेतनला गेला, अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. परत येऊन त्यानं साडीतली मारिया रंगवली, तर गोव्यातल्या कित्येकांना ती रुचली नाही. पुढे तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. तो आश्रम अँग्लिकन पंथाचा, हा कॅथलिक! १९६७ साली तो वारला. त्याच्या चार वर्षं आधी, १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेवरच्या दस्तऐवजात म्हटलं होतं की चर्चनं कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही. तोवर तो तीसेक वर्षं रंगवतच होता.

चित्रांपुढे मी तासभर उभी होते. कडा कुठेच टोचत नाहीत. बंगाली वळणाच्या वॉशची रीत अशी: पातळ रंग लावायचा, वाळू द्यायचा, कागद पाण्यात भिजवायचा, पुन्हा रंग. जपानी चित्रकार कलकत्त्याला आले त्या संपर्कातून अवनींद्रनाथांनी ही वाट काढली. घाई केली की रंग वाहून जातो (माझे दोन कागद असेच गेले).

साहित्य मंडळात हे सगळं कशाला, असं वाटेल. पण थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण आठवा. १६१६ साली राशोलला छापलेलं, रोमन लिपीत पण मराठीत, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. ख्रिस्ताची कथा पुराणाच्या वेशात आली, आणि लोकांनी ती आपली म्हणून ऐकली. शब्दांना हा वेश इतक्या लवकर मिळाला. रंगांना तीन शतकं थांबावं लागलं. का, याचं माझं उत्तर असं: ओवी कानावर येते आणि जाते, चित्राकडे पाहून माणूस गुडघे टेकतो. ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे ते बदललेलं सहन होत नाही. चॅपेलमधल्या त्या बाईंचं दुखणं मला बसमध्ये परतताना थोडं कळलं. साडी मात्र मी बदलणार नव्हते.

घरी पोचेतो तेर्साची वेळ झालेली. प्रार्थनेनंतर कागद बादलीत बुडवून निळा जमेल तेवढा उतरवला आणि त्यावर कुणबी साडीचा तांबडा चढवला. आजी मागे येऊन उभी राहिली. आता ही काय म्हणणार, म्हणून माझा हात थांबला.

“गाठ चुकली,” आजी म्हणाली.

“कसली गाठ?”

“खांद्यावरची. अशी गाठ मारून शेतात वाकलं तर सुटेल की गो! आणि कडेवर पोर आहे ना तिच्या?”

मग तिनं दोरीवरची जुनी साडी ओढली, माझ्याच खांद्यावर गाठ मारून दाखवली, आणि मला आरशापुढे उभं केलं. मी तशीच उभ्यानं रेखाटन केलं. वाजले होते साडेदहा. खांदा पुन्हा काढायचा म्हणजे वरचा सगळा वॉश पुन्हा. बुधवारी सकाळी बाजार नाही.