वहीत त्यांचेच शब्द उतरव

चि. मुग्धास,


प्रबंधासाठी तू मनोरुग्णांच्या मुलाखती घेणार, हे वाचून आनंद झाला. ‘आकडे नसलेल्या अभ्यासाचा उपयोग काय?’ असं तू विचारलंस, म्हणून हे पत्र.

एक उदाहरण सांगते. झिंबाब्वेत मनाच्या त्रासाला शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, म्हणतात. 1990 च्या दशकात हरारेत अभ्यासकांनी रुग्णांशी आणि पारंपरिक वैद्यांशी बोलून असे शब्द टिपले. लोकांच्या त्या बोलीतून हा त्रास ओळखणारी 14 प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. पुढे 2006 मध्ये डॉ. डिक्सन चिबांडांनी म्बारे वस्तीत दवाखान्याबाहेर बाक मांडून आज्यांना समुपदेशन शिकवलं. ‘मानसिक आरोग्य’ म्हटल्यावर बाकावर कुणी बसेना. आज्यांनी सुचवलं, याला मैत्रीचा बाक म्हणा. लोक येऊ लागले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 573 जणांच्या चाचणीत, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बाकावर बसलेल्यांचा त्रास अधिक कमी झाल्याचं दिसलं. आकडे आले, पण आधी ऐकणं झालं होतं.

मी वॉर्डात परिचारिका असताना एका बाईच्या केसपेपरवर ‘गोळ्या घेत नाही, सहकार्य नाही’ असं लिहिलं होतं. पुढे तिच्याजवळ निवांत बसले तेव्हा कळलं की नळाला पहाटे पाणी यायचं आणि रात्रीच्या गोळीने तिला जाग यायची नाही. डॉक्टरांनी गोळीची वेळ अलीकडे आणली आणि तिचं औषध सुरळीत सुरू झालं. ‘सहकार्य नाही’ हा माझा शेरा चुकीचा होता, हे मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते, कुणी ‘जीव गुदमरतो’ म्हणालं तर वहीत ‘चिंताविकार’ लिहू नकोस, तेच शब्द उतरव. नकार दिला तरी उपचारांत फरक पडणार नाही, हे मुलाखतीआधी स्पष्ट सांग. चार जणांचं बोलणं जुळलं की थांबू नकोस. वेगळं सांगणारा पाचवा शोध, तोच तुझा निष्कर्ष तपासून देईल. आणि जे सापडेल ते आधी त्या रुग्णांना, मग वॉर्डातल्या डॉक्टर-सिस्टरांना वाचून दाखव.

प्रबंधाला गुण मिळतीलच. पण तो वाचून वॉर्डातली निदान एक रीत बदलली पाहिजे, एवढं मनात धरून कामाला लाग.

तुझी,
मावशी