एक कण म्हणजे किती सूर्य?

तारकागुच्छ आणि कृष्णपदार्थाचे हॅलो संगणकावर घडवण्यात माझी अकरा वर्षं गेली. या कामात नव्यानं उतरणाऱ्या मुलामुलींना जे तोंडी सांगत आले, तेच इथे लिहून ठेवते आहे.

१. कण कशाच्या जागी उभा आहे, ते आधी विचारा.

तारकागुच्छाच्या सिम्युलेशनमध्ये एक कण म्हणजे एक तारा. दोन कण जवळून गेले आणि एकमेकांना झटका देऊन भलतीकडे फेकले गेले, तर आकाशातही तसंच होतं. हॅलोचं तसं नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मिलेनियम सिम्युलेशनमध्ये सुमारे १००० कोटी कण होते, तरी त्यातला एकेक कण जवळपास १०० कोटी सूर्यांच्या वजनाचा होता. खरा कृष्णपदार्थ अशा ढेकळांचा नसतो, तो सलग पसरलेला असतो. म्हणून ढेकळांमधल्या टकरी खोट्या. त्या टाळायला ठरावीक अंतराच्या आत गुरुत्वाकर्षण मुद्दाम बोथट करतात. याला आम्ही सॉफ्टनिंग म्हणतो.

मी गुच्छांकडून हॅलोंकडे आले. गुच्छांच्या कामात सॉफ्टनिंग म्हणजे जवळजवळ पाप, त्यामुळे इथेही मी ते अगदी नावाला ठेवलं. वीस हजार कण घेतले आणि हॅलो चालवला. नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांनी १९९० च्या दशकात दाखवलं होतं की हॅलोची घनता केंद्राकडे वाढतच जाते. माझ्या आलेखात मात्र ती आत जाऊन सपाट झालेली! कितीतरी बटू दीर्घिकांची निरीक्षणं अशाच सपाट गाभ्याकडे बोट दाखवतात, आणि त्यावर बरीच वर्षं वाद चालू आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली. सर बराच वेळ बघत राहिले. मग जिथे रेघ वाकत होती तिथे त्यांनी पेन्सिलीनं एक उभी खूण केली.

"कण किती घेतलेस?"

"वीस हजार, सर."

"आठपट घे. ही जागा हलली नाही, तर बोलू."

एक लाख साठ हजार कणांचं उत्तर पाचव्या दिवशी आलं. वाक केंद्राकडे सरकला होता. ती सपाटी हॅलोची नव्हती, माझ्या थोड्या कणांच्या आपसातल्या टकरींनी ती घडवली होती. पेन्सिलीची खूण असलेला तो कागद अजून माझ्या खणात आहे. नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात मी तो त्याच्या हातात देते.

२. यंत्र लहान असलं म्हणून प्रश्न लहान होत नाही.

स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ साली दोन दीर्घिकांची गाठभेट चक्क विजेच्या दिव्यांनी दाखवली. एकेका दीर्घिकेला ३७ दिवे. प्रकाशही गुरुत्वाकर्षणासारखाच अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, मग फोटोसेलनं प्रकाश मोजायचा आणि तेवढं दिवे सरकवायचे. मला हे या विषयातलं सर्वांत सुंदर काम वाटतं.

३. जोडताऱ्यांवर चिडू नका.

दहा हजार तारे म्हणजे दर पावलाला जवळजवळ पाच कोटी जोड्यांचा हिशेब. त्यात दोन तारे एकमेकांभोवती घट्ट फिरू लागले की त्यांच्यासाठी काळाचं पाऊल इतकं बारीक करावं लागतं की सगळा गुच्छ त्या दोघांपायी खोळंबतो. एकदा रात्रभर लॉग फाइलमधला काळ जागचा हललाच नाही, तेव्हा मी वैतागून तशी जोडी सापडली की तिचा एकच तारा करून टाकायला सुरुवात केली. काम सुसाट सुटलं, पण गुच्छाचा गाभा आक्रसायचा थांबेना.

याचं कारण गुरुत्वाकर्षणाच्या उलट्या स्वभावात आहे. गाभ्यानं बाहेरच्या ताऱ्यांना ऊर्जा दिली की तो थंड होत नाही, आकसतो आणि आतले तारे अधिक वेगानं फिरू लागतात, म्हणजे तो आणखी तापतो. मग आणखी ऊर्जा बाहेर जाते. अंतोनोव्ह यांनी १९६२ मध्ये आणि लिंडेन-बेल व वुड यांनी १९६८ मध्ये ही घसरण गणितानं मांडली. ती रोखतात ते जोडतारेच. जवळून जाणाऱ्या ताऱ्याला वेग देऊन ते स्वतः अधिक घट्ट होतात, आणि ती ऊर्जा गाभ्याला सावरते. जे मला अडथळा वाटत होते, त्यांच्याच आधारावर गुच्छ उभा होता.

४. एका ताऱ्याच्या वाटेवर विसंबू नका.

सुरुवातीचा केसाएवढा फरकही झपाट्यानं वाढत जातो, हे मिलर यांनी १९६४ सालीच दाखवलं. एकच काम वेगळ्या संख्येच्या प्रोसेसरांवर टाकलं, तरी बेरजांचा क्रम बदलतो आणि तारे भलतीकडे जातात. सुरुवात बदलून दहा वेळा चालवा, आणि दहांतही जे टिकेल तेवढंच लिहा.

५. मे महिन्यात दक्षिणेकडे बघा.

रात्री नवाच्या पुढे, दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल अशा जागी जा. नरतुरंगात ओमेगा सेंटॉरी दिसतो. पुण्याहून तो जेमतेम २४ अंश वर येतो. बायनॉक्युलरमधून कापसाच्या बोळ्यासारखा. त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत. प्रत्येक तारा वेगळा मोजून दहा लाख ताऱ्यांच्या गुच्छाचं सिम्युलेशन २०१६ साली झालं. हा त्याच्या दहापट. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन जाते. बायनॉक्युलर हातोहात फिरतो, आणि माझी पाळी आली की मी तो लवकर सोडत नाही.