ओरडू नका, समोर या

नवी गोळी सुरू केली म्हणून डॉक्टरांनी माझं रात्रीचं इन्सुलिन दहावरून सहा युनिटवर आणलं. दवाखान्यातल्या मुलीने ते सांगितलं खरं, पण तोंडावर मास्क, मान कागदात आणि डोक्यावर घरघरता पंखा. मला ‘दहा’च ऐकू आलं. ‘कळलं ना आजी?’ ‘हो.’ त्या रात्री दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. सुनेने लगेच साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं.

वयोमानाने कान जातात तेव्हा सगळाच आवाज जात नाही. आधी जातात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज. आ, ओ पोचतात. स, श, फ, थ वाटेतच गळतात. म्हणजे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. ‘सहा’ आणि ‘दहा’त फरक तो केवढा! ओरडलात तर ‘आ’ मोठा होतो, ‘स’ होता तिथेच. शिवाय हळू बोललेलं ऐकू न येणाऱ्या या कानांना मोठा आवाज मात्र टोचतो.

म्हणून आकडा सांगताना ‘एकसष्ट’नंतर ‘सहा, एक’ असंही म्हणा. औषधाचा असेल तर लिहूनच द्या. आणि ‘कळलं का?’ विचारू नका, आम्ही सवयीने हो म्हणतो. ‘किती घ्यायचं?’ विचारा.

घरात आधी हाक मारा, मी पाहिलं की बोला. तीन-चार फुटांवर, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे या. खिडकीकडे पाठ केलीत तर ओठ दिसत नाहीत. मिक्सर, टीव्ही बंद करा. श्रवणयंत्र तुमच्याबरोबर मिक्सरचाही आवाज वाढवतं, हे दुकानदार सांगत नाही. जरा सावकाश बोला, पण अक्षरं सुटी करून नको, ओठांचे आकार बिघडतात. दोनदा सांगून कळलं नाही तर शब्द बदला: ‘डबा आला का?’ऐवजी ‘जेवण पोचलं का?’ विषय बदललात तर तेही सांगा, नाहीतर मी लग्नाच्या गप्पांत विजेचं बिल शोधत बसते.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते वेगळंच. चौघं खदखदून हसतात, मी विचारते काय झालं, तर उत्तर, ‘काही नाही गं, सोड.’ विनोद शिळा झाला तरी चालेल, पण परत सांगा.