मूळ चित्रपट आणि त्याची सुधारलेली आवृत्ती

‘ज्ञानेश्वरी’च्या प्रती हातोहात उतरविल्या जात असता तिच्यात अनेक अपपाठ शिरले. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. ग्रंथाच्या मूळ पाठाचे हे महत्त्व आपणांस सहज पटते. चित्रपटाविषयी मात्र ‘नवी आवृत्ती अधिक चकचकीत असता जुनी कशाला पाहावी?’ असे पुष्कळजण विचारतात. दोन उदाहरणांवरून त्याचे उत्तर शोधू.

चार्ली चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ हा मूकपट १९२५ साली प्रदर्शित झाला. सोन्याच्या शोधार्थ हिमप्रदेशात गेलेल्या एका दरिद्री भटक्याची ही कथा. भुकेने व्याकूळ होऊन तो आपला बूट शिजवून खातो, तो प्रसंग जगप्रसिद्ध आहे. पुढे बोलपटांच्या काळात, १९४२ साली, चॅप्लिनने स्वतःच हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित केला. मधल्या लेखी पाट्या काढून त्याने आपल्या आवाजात निवेदन घातले, संगीत जोडले आणि काही भाग गाळला.

हा फरक केवळ बाह्य नव्हे. मूळ चित्रपटात नायिका जॉर्जिया आपल्या प्रेमाची चिठ्ठी जॅक नावाच्या दुसऱ्याच पुरुषास लिहिते. जॅक कुचेष्टेने ती भटक्याकडे धाडतो आणि तो बिचारा ती आपल्यालाच आहे असे समजून हर्षभरित होतो. १९४२ च्या आवृत्तीत ती चिठ्ठी जॉर्जियाने भटक्यालाच लिहिलेली आहे! भटक्याचा आनंद तोच; परंतु तो आनंद पाहताना आपल्या काळजात उठणारी कळ मात्र नाहीशी झाली. कर्त्याला आपली कृती बदलण्याचा अधिकार नाही, असे कोण म्हणेल? पण त्या बदलाचे मोल ठरवावयाचे तर मूळ कृती समोर हवी. सुदैवाने १९९३ साली केविन ब्राउनलो व डेव्हिड गिल यांनी १९२५ ची आवृत्ती परिश्रमपूर्वक पुन्हा सिद्ध केली.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील. के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ १९६० साली आला. त्याचा बहुतेक भाग कृष्णधवल असून शीशमहालातील नृत्य आणि शेवटचा काही भाग तेवढा रंगीत आहे. बराच वेळ छायाप्रकाशात वावरणाऱ्या प्रेक्षकापुढे, अनारकली बादशहासमोर निर्भयपणे आपले प्रेम उच्चारते त्या क्षणी, सहस्र आरशांतून रंग उसळतात. २००४ साली संपूर्ण चित्रपट रंगीत करण्यात आला व थोडा आखूडही झाला. त्यामुळे नवी पिढी चित्रपटगृहाकडे वळली, हा त्याचा गुण मान्य केलाच पाहिजे. पण सगळीकडेच रंग आल्यावर शीशमहालातील रंगांचे नवल ते काय उरले? शिवाय आसिफ १९७१ सालीच निवर्तले होते. त्यांची संमती कोणी विचारणार?

येथे एक भेद ध्यानी धरावा. फिल्मवरील ओरखडे पुसणे, फाटलेली चित्रे सांधणे, आवाजातील खरखर घालविणे हा जीर्णोद्धार होय. तो अवश्य व्हावा. देवळासमोरील जुन्या दीपस्तंभावरील शेवाळ काढणे वेगळे आणि त्यावर भडक रंग चढविणे वेगळे. पहिल्याने मूळ रूप प्रकटते, दुसऱ्याने ते झाकले जाते.

म्हणून नवी आवृत्ती पाहू नये, असे नाही. मूळ आवृत्ती मात्र जपली जावी, सर्वांना पाहावयास मिळावी आणि शक्य तर तीच आधी पाहावी. आपल्या पूर्वजांनी ज्या चित्रावर हसू वा आसू ढाळले, ते चित्र नेमके कसे होते, हे जाणण्याचा हक्क पुढील पिढीलाही आहे.

अभ्यासासाठी : (१) घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आवडीच्या जुन्या चित्रपटाचे नाव विचारा व तो कोणत्या साली आला, ते शोधा. (२) आज मिळणारी त्याची प्रत मूळची की बदललेली, ते पाहा. (३) एखादा बदल आढळल्यास त्याने अर्थात काय फरक पडला, ते दहा ओळींत लिहा.