गाडी ओढ्यात, हप्ता चालूच

हौसेसाठी फोर बाय फोर कर्जावर घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: हप्त्याचा हिशोब मांडण्याआधी विम्याची पॉलिसी वाचा. बँक आरसीवर बोजा चढवते आणि गाडी गेली तर विम्यातून पैसे येतील असं धरून चालते. पण ज्या वाटांसाठी आपण ही गाडी घेतो, तिथेच साधा विमा तोकडा पडतो.

माझी डिझेल थार. भर पावसात वेल्ह्याकडचा एक ओढा ओलांडत होतो. कंपनी या गाडीला ६५० मिलिमीटर खोल पाणी झेपेल असं सांगते; गढूळ, वाहत्या पाण्यात ते कळणार कसं? इंजिन बंद पडलं आणि स्टार्टर पुन्हा मारला गेला. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकला. सर्व्हेअर येऊन गेला आणि क्लेम नामंजूर झाला. पाणी शिरल्यावर गाडी चालू करताना झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे ॲड-ऑन घ्यावं लागतं, आणि शोरूमने ऑन-रोड किंमत कमी दिसावी म्हणून कोटेशनमध्ये ते घातलंच नव्हतं. गाडी गॅरेजमध्ये उभी होती, तरी ठरल्या तारखेला खात्यातून हप्ता जात होता.

ते ॲड-ऑन घ्याच. पण त्याच्याही अटी वाचा. गाडी पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, टो करून बाहेर काढा.

दुसरा धोका मुदतीचा. समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत १३ लाख आहे. रस्ता कर आणि विमा धरून ती साडेपंधराच्या आसपास जाते, आणि तुम्ही १४ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढता. हप्ता २२,९०० च्या आत बसतो, म्हणून बरं वाटतं. तीन वर्षं नियमित भरूनही ९ लाख ११ हजार मुद्दल उरतं. तीन वर्षं उलटलेल्या गाडीची विम्यातली किंमत मात्र एक्स-शोरूमच्या ४० टक्के खाली, म्हणजे ७ लाख ८० हजार. गाडी दरीत गेली किंवा चोरीला गेली, तर वरचे सव्वा लाखाहून जास्त तुम्हीच भरायचे. डाऊन पेमेंट वाढवा, मुदत पाच वर्षांपुढे नेऊ नका. तेवढ्यानेही हप्ता झेपत नसेल तर गाडी वर्षभराने घ्या.

व्याजाचा दर ‘फ्लॅट’ सांगत असतील तर थांबा. १० लाखांवर ७ टक्के फ्लॅट, पाच वर्षं, म्हणजे हप्ता २२,५००. घटत्या शिल्लकेवर हाच दर साडेबारा टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जाबरोबर मुख्य तथ्य पत्रक द्यावंच लागतं. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर छापलेला असतो. दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करा.

‘गोव्यात भाड्याने द्या, हप्ता गाडीच फेडेल,’ असं सांगणारेही भेटतात. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. इतकं ओझं एका हप्त्यासाठी घेऊ नये.

विंच, मोठे टायर, उंच सस्पेन्शन हे सगळं कर्जातच बसवून देऊ, असं शोरूममध्ये सांगतील. त्यावरही व्याज लागतं, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. ते पैसे बाजूला ठेवा. सहा महिन्यांचे हप्ते आणि एका मोठ्या दुरुस्तीचा खर्च खात्यात जमला की मगच टायरवाल्याकडे जा.