रंग उडाला की बोल्ट सैल झाला?

ओरलँडोत राहायला आलं की दोन गोष्टी चुकत नाहीत: उकाडा आणि थीम पार्कचा वार्षिक पास. पास घेतला की माणूस आज ना उद्या चाहत्यांच्या एखाद्या कंपूत ओढला जातोच. आमच्या कंपूत निवृत्त शिक्षक आहेत, नर्स आहे, सॉफ्टवेअरवाले आहेत. सकाळी पार्क, दुपारी कॉफी आणि कॉफीबरोबर विषय एकच, राइडची देखभाल. कुठल्या पाटीवरचा दिवा गेलाय, कुठल्या बाहुलीची मान अडकलीय, डागडुजीसाठी कुठल्या राइडला किती महिने कुलूप लागणार. या गप्पांतून मैत्री जुळताना मी पाहिली, तुटतानाही पाहिली. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

१. तक्रार करायची तर नेमकी करा

"पूर्वीची मजा राहिली नाही" ही तक्रार नव्हे. ते आपलं वय बोलत असतं. तक्रार कशी असावी, याचा नमुना म्हणजे डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडममधला यती.

एक्स्पिडिशन एव्हरेस्ट ही राइड २००६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. चहाच्या मळ्यातली जुनी गाडी हिमालय चढते, पुढचे रूळ उखडलेले दिसतात, गाडी अंधारात उलटी घसरते आणि शेवटी गुहेत पंचवीस फुटी यती अंगावर झेपावतो. झेपावायचा, असं म्हणायला हवं. काही महिन्यांतच त्याचं हलणं बंद पडलं. मग त्याच्यावर दिव्यांची भराभर उघडझाप सुरू केली, म्हणजे तो हलतोय असा भास व्हावा. चाहत्यांनी लगेच त्याचं बारसं केलं: डिस्को यती.

काय चालत होतं, कधी थांबलं, त्याजागी काय आलं, सगळं या तक्रारीत आहे. म्हणून ती टिकली. २०१३ मध्ये डिस्नेच्या चाहत्यांच्या संमेलनात या राइडचा मुख्य कल्पक जो रोडी याला यतीबद्दल बोलावंच लागलं आणि तो दुरुस्त करण्याचा शब्दही द्यावा लागला. २०२१ च्या सुरुवातीला रोडी निवृत्त झाला, तेव्हाही यती जागचा हललेला नव्हता. पण निदान प्रश्न सभेत पोहोचला होता. "मजा राहिली नाही" याला कुठल्या सभेत कोण काय उत्तर देणार?

२. रंग उडणं वेगळं, बोल्ट सैल असणं वेगळं

आमच्या कंपूतले एक आजोबा दर खेपेला रंगाचे पोपडे, गंजलेले कठडे आणि बंद दिवे यांचे फोटो काढून आणतात. त्यांचं म्हणणं, दिसतं तिथे ही तऱ्हा, तर न दिसणाऱ्या जागी काय असेल! म्हणणं अगदी पोकळ नाही. पण ते सरसकट खरंही नाही, कारण ही दोन खाती वेगळी चालतात.

राइडची खरी देखभाल होते ती पार्कचं फाटक बंद झाल्यावर. माणसं टॉर्च घेऊन रुळांच्या कडेनं चालत जातात, चाकांवरचं पॉलियुरेथेन किती झिजलंय ते बघतात, आसाला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली आहे का हे चुंबकीय कणांच्या चाचणीनं तपासतात. यातलं काहीच फोटोत येत नाही.

आणि ते चुकलं तर काय होतं, हे २००३ च्या ५ सप्टेंबरला कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये दिसलं. बिग थंडर माउंटनच्या गाडीचं एक चाक निखळलं, इंजिन उसळलं, एक तरुण जागीच गेला, दहा जण जखमी झाले. राज्य सरकारच्या तपासात सदोष देखभाल हे कारण निघालं. चाकाच्या जोडणीतले दोन बोल्ट नीट आवळलेले नव्हते आणि जी जास्तीची सुरक्षा बसवायची ती बसवलेलीच नव्हती. त्या राइडचा रंग त्या दिवशी कसा होता, हे कुणाच्या लक्षातही नसेल.

गंमत म्हणजे आम्ही फ्लोरिडाकर ज्यावर बोलायला हवं त्यावर क्वचितच बोलतो. इथल्या कायद्यानं, ज्या पार्कांत निदान हजार पूर्णवेळ कर्मचारी आणि स्वतःचे तपासनीस आहेत, त्यांना सरकारी तपासणीतून सूट आहे. ही मोठी पार्कं दर तिमाहीला सरकारला आपणहून अपघात कळवतात, तेही ज्यांत पाहुण्याला निदान चोवीस तास इस्पितळात राहावं लागलं तेवढेच. ही व्यवस्था पुरेशी आहे का, यावर कॉफीचे चार कप खुशाल संपावेत. संपतात मात्र कारंज्यातल्या शेवाळावर.

३. थांबलेली राइड बहुधा आपलं काम करत असते

राइड मध्येच थांबली की रांगेत पहिला शब्द येतो, "बिघडली!" दुसरा येतो, "हल्ली रोजचंच झालंय."

रोलर कोस्टरचा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा त्याचा पहिला नियम. पुढचा टप्पा मोकळा झाल्याची खूण मिळाली नाही की मागची गाडी ब्रेकवर धरली जाते. फलाटावर एखाद्या आजीबाईंना उतरायला वेळ लागला तरी मागच्या साऱ्या गाड्या खोळंबतात. सेन्सरला शंका आली तरी तेच. उन्हाळ्यातल्या दुपारी आसपास वीज चमकली की उघड्यावरच्या राइड बंदच करतात, आणि फ्लोरिडात ती कधी चमकत नाही?

म्हणून "दिवसातून किती वेळा थांबली" या आकड्यावरून देखभालीचं मोजमाप करू नये. का थांबली हे कळलं तरच त्या आकड्याला अर्थ. शंका आली तरी न थांबणारी राइड मिळाली, तर मी तरी तिच्यात पोरांना बसवणार नाही.

४. दारावरच्या पोरीला धारेवर धरू नका

नाव घेत नाही, एका पार्कात जुलैच्या दुपारी राइड बंद पडली होती. दारावर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उभी. गळ्यात ओला रुमाल, हातात पाण्याची बाटली, ओठांवर पाठ केलेलं एकच वाक्य: "राइड सध्या बंद आहे, कधी सुरू होईल ते सांगता येत नाही." तिच्यासमोर आमच्यासारखाच एक चाहता. टोपीभर बिल्ले, फोनवर प्रत्येक राइडची रांग दाखवणारं अ‍ॅप.

"ब्रेकचा सेन्सर गेलाय ना? मागच्या आठवड्यातही तोच गेला होता."

"मला कल्पना नाही, सर."

"कल्पना नाही, की सांगायची परवानगी नाही?"

"सर, खरंच कल्पना नाही. मी काल दुसऱ्या राइडवर होते."

मागे रांगेतले लोक फोनवर शूटिंग करायला लागले. ती पोरगी बाटलीचं झाकण लावत होती, उघडत होती, पुन्हा लावत होती. त्या गृहस्थांना राइडबद्दल जे ठाऊक होतं ते तिला खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि तिला तासाला जे मिळतं त्यात ते ठाऊक असण्याची अपेक्षाही नाही. देखभालीला पैसे किती द्यायचे हे ठरवणारी माणसं उन्हात उभी नसतात. त्यांच्यावरचा राग तिच्यावर काढणं याला अभ्यास म्हणत नाहीत.

५. पहिल्यांदा आलेल्याचा विरस करू नका

साताऱ्याहून आत्या आली होती. तिला एव्हरेस्टमध्ये बसवलं. बसायच्या आधी यतीची सगळी रडकथा माझ्या जिभेच्या टोकावर होती. बायकोनं डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. खाली उतरल्यावर आत्यानं आधी पदर सारखा केला, मग माझा दंड धरला.

"दिसला का गं यती?" मी विचारलं.

"दिसला की! अरं, केवढा थोरला! माझ्या डोक्यावरच हात घालत होता मेला."

"हलत होता?"

"मग काय उभा राहणार हाय? तू बघितलं न्हाईस का?"

मला तो नेहमीसारखा जागच्या जागी उभा दिसला होता. आत्याला तो हलताना दिसला. राइड बांधली जाते ती मुख्यतः आत्यासाठी, आयुष्यात एकदाच येणाऱ्या माणसासाठी. आपल्याला खोट दिसते कारण आपण शंभरदा बघून तिची जागा पाठ केलेली असते. ती खोट कंपनीला जरूर सांगावी. शेजारच्या सीटवरच्या नवख्या माणसाला सांगून मिळतं काय, तर त्याचा आनंद गेला आणि आपला शहाणपणा मिरवला.

६. आठवणीतल्या राइडला देखभाल लागत नाही

इथल्याच डिस्नेच्या मॅजिक किंगडममधली मिस्टर टोड या बेडकाची राइड बंद होणार म्हटल्यावर १९९७ मध्ये चाहते सारखे टी-शर्ट घालून पार्कात जमले, निदर्शनं केली. ७ सप्टेंबर १९९८ ला ती बंद झालीच. तिच्या जागी आलेल्या विनी द पूच्या राइडमध्ये, टोड पूच्या गोष्टीतल्या घुबडाला मालकीचा कागद देतोय असं एक छोटं चित्र लावलेलं आहे. कंपनीनं हसत हसत दिलेला निरोप! २०२३ च्या जानेवारीत तिथलीच स्प्लॅश माउंटन बंद झाली, तेव्हा तिच्यातलं पाणी बाटल्यांत भरून विकायला काढणारेही निघाले.

हसू येतं. पण मुंबईत वाढलेल्या माणसानं फार हसू नये. १९८९ मध्ये सुरू झालेलं गोराईचं एस्सेलवर्ल्ड बंद पडल्यावर माझ्याच वर्गमित्रांनी काय उसासे टाकले! बोटीचा प्रवास, डबे, ओले कपडे, सगळं आठवलं. तिथल्या रांगा, ऊन आणि परतीच्या बोटीची चेंगराचेंगरी एकालाही आठवली नाही. आठवणीतल्या राइडला गंज चढत नाही, तिची रांग लांबत नाही. तिच्याशी तुलना केली तर आजची कुठलीच राइड टिकणार नाही. तेव्हा आजच्या राइडची तुलना तिच्याच उद्घाटनाच्या दिवसाशी करा, आपल्या दहाव्या वाढदिवसाशी नको.

७. चिकाटी ठेवा, पण तारखा मागू नका

चाहत्यांचं काहीच चालत नाही, असंही नाही. डिस्नेलँडचा हाँटेड मॅन्शन हा भुतांचा वाडा १९६९ च्या ऑगस्टमध्ये उघडला. त्यात हातात टोपीचा डबा धरलेलं एक भूत होतं. त्याचं डोकं धडावरून नाहीसं होऊन डब्यात दिसायचं. युक्ती साधली नाही म्हणून ते भूत लगेचच काढून टाकलं. फारच थोड्यांनी ते पाहिलं, आणि न पाहिलेल्यांनीच ते जिवंत ठेवलं: चित्रं काढली, बाहुल्या केल्या, भूत खरोखर होतं की नव्हतं यावर वाद घातले. २०१५ च्या मे महिन्यात, डिस्नेलँडच्या साठाव्या वर्षानिमित्त, ते परत आलं आणि या वेळी डोकं बरोबर डब्यात गेलं.

मध्ये पंचेचाळीसहून जास्त वर्षं गेली. या काळात ज्यांनी भुताची गोष्ट रंगवून सांगितली ते मजेत जगले. "यंदा परत आणता की नाही?" असा हिशेब मागणाऱ्यांनी तेवढीच वर्षं चडफडत काढली. भूत दोघांसाठी एकाच दिवशी आलं.

८. पास काढला म्हणजे सातबारा नावावर होत नाही

आमच्या कंपूतल्या दोघांची मैत्री स्प्लॅश माउंटनवरून तुटली. राइड बदलावी, की होती तशी ठेवावी? आता तिथे डिस्नेच्या राजकन्या टियानाची राइड सुरूही झाली, लोक भिजतात, हसतात, आणि हे दोघे एकाच रांगेत उभे राहिले तरी एकमेकांकडे बघत नाहीत. दोघंही चांगली माणसं. फक्त पार्कात त्यांची जमीन गेली, अशा आवेशात बोलत होते.

अशी वेळ आपल्यावर आलीय हे ओळखायचं कसं? माझ्या खुणा साध्या आहेत. राइड बंद असल्याचं कळल्यावर "मी म्हणालोच होतो" याचा आनंद होतो. नवी राइड उघडण्याआधीच ती वाईट असल्याची खात्री असते. आणि घरचे म्हणतात, "तुम्ही जाऊन या, आम्ही घरीच थांबतो." तिसरी खूण दिसली की थोडे महिने पास फ्रीजवरच्या मॅग्नेटखाली ठेवून द्यावा.

एरवी तक्रार जरूर करावी. पार्कच्या मदत कक्षात जावं आणि राइडचं नाव, दिवस, वेळ, गाडीत कुठे बसलो होतो, काय चाललं नाही, एवढं चार ओळींत लिहून द्यावं. कुणी चांगलं काम केलं असेल तर त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून तेही कळवावं. वेगळा आवाज आला, पट्टा नीट बसला नाही, असं काही असेल तर मात्र कागद नको. फलाटावरच्या माणसाला तिथल्या तिथे सांगावं.

आमच्या कंपूत हल्ली एक नियम आहे. ज्या राइडबद्दल बोलायचं, तिच्यात त्या महिन्यात बसलेलं असलं पाहिजे. नियम केल्यापासून निम्मे वाद बंद झाले. उरलेले निम्मे ऐकण्यासारखे असतात.