गाव तेच, जिल्हे तीन: वंशावळ लिहिताना आलेले अनुभव

आमचं मूळ गाव उदगीर तालुक्यातलं. पणजोबांच्या कागदांवर 'जिल्हा बिदर' आहे, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'जिल्हा उस्मानाबाद' आणि पुतण्याच्या जन्मदाखल्यावर 'जिल्हा लातूर'. गाव मात्र वीतभरही हललेलं नाही. घराण्याची वंशावळ लिहायला घेतली, तेव्हा माणसांइतकाच गावांचाही माग काढावा लागतो हे कळलं. त्या कामातून जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

1. कागदावर जे नाव आहे, तेच आधी उतरवा.
पणजोबांच्या नोंदीत बिदर असेल, तर वंशावळीतही बिदरच यायला हवं. आजचा जिल्हा त्यापुढे कंसात. बिदर खोडून लातूर केलं, तर पुढच्या पिढीतलं कुणीतरी निजामकाळचा कागद लातूरच्याच कचेऱ्यांत शोधत राहील आणि बिदर, हैदराबादकडे वळणारच नाही. अंबाजोगाईच्या घराण्यांना जुन्या कागदांवर 'मोमिनाबाद' दिसतं. तेही तसंच ठेवावं. दफ्तरखान्यात कागद जुन्या नावानेच बांधलेला असतो.

2. प्रत्येक नावाला साल जोडा.
उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि ते मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला. एवढा तक्ता मी वंशावळीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला आहे. आता कुठलाही कागद आला की त्यावरचं साल पाहायचं आणि तक्त्याशी ताडायचं. निजामकाळच्या कागदांवर फसली साल असतं. त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. फसली 1340 म्हणजे 1930-31.

3. नाव बदललं की हद्द बदलली, ते स्पष्ट लिहा.
या दोन वेगळ्या घटना आहेत. 1981 साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. जिल्हा तोच राहिला. त्याच वर्षी रत्नागिरीचं विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा झाला. त्यामुळे अलिबागच्या घराण्याला जुन्या कागदांत 'कुलाबा' सापडतो, मालवणच्या घराण्याला 'रत्नागिरी'. आमच्याकडे 1982 साली हद्द बदलली. उस्मानाबादचं धाराशिव झालं ते 2023 साली, आणि ते केवळ नामांतर. मी प्रत्येक बदलापुढे 'नामांतर' किंवा 'विभाजन' असा शेरा मारतो. त्या एका शब्दावरून तपास कुठल्या जिल्ह्याकडे न्यायचा ते ठरतं.

4. तालुका गाळू नका, खुर्द-बुद्रुकही गाळू नका.
पिंपळगाव आणि वडगाव मराठवाड्यात किती तरी आहेत. नुसत्या नावावरून गाव ठरवलं, तर दुसऱ्याच घराण्याचे पूर्वज आपल्या वंशावळीत येऊन बसतात. लिपीचीही नोंद करावी. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे एकच गावनाव दोन-तीन तऱ्हांनी वाचता येतं. जाणकाराने सांगितलेली सगळी वाचनं लिहून ठेवा. दुसरा कागद सापडला की त्यातलं खरं कोणतं ते कळतं.

5. नाव तेच राहून जागा बदललेली असू शकते.
30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीसह लातूर-उस्मानाबादमधली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. कोयना, जायकवाडी, उजनी या धरणांखाली गेलेल्या गावांनाही अशाच नव्या वसाहती मिळाल्या. अशा गावाच्या जुन्या जागी जन्मलेल्या आजोबांची नोंद करताना 'जुनं गावठाण' हे शब्द लिहिलेच पाहिजेत. घर, शेत, कुलदैवताचं ठाणं या सगळ्याचा पत्ता त्या जुन्या जागेचा असतो.

6. सीमेपलीकडचं सोयरपण जपा.
बिदर जिल्ह्याच्या उरलेल्या भागापैकी बराचसा 1956 साली म्हैसूर राज्यात गेला. 1973 साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. भालकी, बसवकल्याण भागात आमच्या कितीतरी लेकी दिलेल्या आहेत. आजच्या नकाशावर ते परराज्य आहे. ज्या काळात ती लग्नं जमली, तेव्हा तो एकच जिल्हा होता. लग्नाच्या सालाशेजारी त्या वेळचा जिल्हा लिहिला की ही सोयरीक जवळपासची होती, हे वाचणाऱ्याला समजतं.

7. बायकांची माहेरं लिहा.
आपल्या वंशावळी पुरुषांच्या नावांनी भरलेल्या असतात. पणजीचं माहेर कुठलं, हे बहुतेक कागदांत सापडत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात असतं. बोलण्यातलं गावनाव कागदावरच्या नावापेक्षा वेगळंही असू शकतं. सरकारदरबारी उस्मानाबाद चालू होतं त्या काळातही कितीतरी जुनी माणसं धाराशिवच म्हणत. बोलण्यातलं नावही 'तोंडी माहिती' असा शेरा मारून, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून नोंदवा. कोणतं नाव योग्य, हा वाद वंशावळीत आणू नका. तिथे दोन्ही नावांना जागा आहे.

घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर आजच त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. त्यांच्या आई-आजींची माहेरं विचारा, त्या गावांची जुनी नावं आणि तालुके विचारा. कागद दफ्तरखान्यात आणखी काही वर्षं मिळतील. ही माहिती मात्र त्यांच्याखेरीज दुसरं कुणी देऊ शकणार नाही.